चौदा चेहरे, पंधरा नावं

जळगाव,
मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी १९६९

...आणि अडतीस सालच्या त्या सकाळी नळाला पाणी यायच्या आधीच मी चूल पेटवली होती, कारण मला भाकरीपेक्षा निखाऱ्यांची घाई होती. सदरा आदल्या दिवशीच सोड्याच्या पाण्यात उकळून, निळीतून काढून वाळवला होता. पितळी तांब्यात निखारे भरले, बूड ओल्या फडक्यावर टेकवून चर्र वाजतं का ते पाहिलं, आणि जमिनीवर घोंगडी अंथरून इस्त्री केली. बाहीची घडी अशी धारदार बसली की मीच दोनदा बोट फिरवून पाहिलं. मग कळण्याच्या भाकऱ्या थापल्या, ठेचा वाटला, डबा बांधला, दारापुढचं झाडलं, आणि पाणी आलं तेव्हा दोन घागरी भरल्या. रेल्वेच्या कारखान्यातले मोठे साहेब विलायतेला परत जाणार होते आणि त्यांना आठवण म्हणून कामगारांचा फोटो हवा होता, म्हणून सगळ्यांना धुतलेले कपडे घालून यायला सांगितलं होतं. तुमचे दादा तो सदरा घालून गेले, आणि संध्याकाळी परत आले तेव्हा सदऱ्याचा रंग आमच्या तव्यासारखा होता. मी बोलले. चांगलं पाऊण तास बोलले. त्यांनी हातपाय धुतले, पाटावर बसले, आणि एवढंच म्हणाले की फोटो झाला. मी विचारलं, तुम्ही होतात का त्यात? म्हणाले, होतो की.

भाऊजी, नमस्कार आधी करायचा असतो तो राहून गेला, तो आता करते. तुमचा खोकला कसा आहे? जाऊबाई तानुबाईंच्या गुडघ्याला तेल लावणं चालू आहे ना? त्यांनी मागच्या खेपेला मांडी घालून बसायचा हट्ट केला आणि मग दोघांनी धरून उठवावं लागलं, तसं आता करू नये असं माझ्या नावाने सांगा. मी बरी आहे. खोली तीच, ग्रंथालय तेच, चश्मा मात्र बदलला. (ग्रंथालयातला माणूस मला अजून विचारतो, आजी, ही कादंबरी तुम्ही वाचणार की नातीसाठी? मला नात नाही हे त्याला चार वर्षांत चार वेळा सांगितलं.) तुम्ही दिवाळीला फराळ पाठवायचात तो छापखान्यातल्या बिघडलेल्या कागदांत गुंडाळलेला असायचा, त्या कागदांवर मी वाचायला शिकले हे तुम्हाला ठाऊकच आहे. अर्धी पानं उलटी, अर्धी दोनदा छापलेली. त्यामुळे पुढे सरळ छापलेलं पुस्तक हातात आलं तेव्हा मला ते फारच सोपं वाटलं.

आता झालं ते लिहिते. आमच्याकडे निवृत्त कामगारांचं एक मंडळ निघालं आहे. वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची येऊ लागली, तेव्हा या मंडळींना अचानक वाटलं की आपणही जुने झालो, आणि आठवणींचं एक पुस्तक काढायचं ठरलं. चिटणीस आहेत वना आप्पा, पूर्वीचे हजेरी कारकून. तीस वर्षं त्यांनी माणसं आली की नाही एवढंच पाहिलं, काय करत होती ते पाहिलं नाही. त्यांच्याकडे जुन्या फोटोंची एक पेटी आहे. फोटोत इंजिनं स्वच्छ दिसतात आणि माणसं काळी. कोण कुठला ते कळेना, म्हणून केवलचंद शेठांनी रिकामी करून दिलेल्या वखारीत फोटो दोऱ्यांवर टांगले आणि आम्हा सगळ्यांना ओळखायला बोलावलं. नावांच्या याद्या होत्या, पण कोणतं नाव कोणत्या तोंडाचं ते लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं.

वखारीत जे चाललं होतं ते पाहून हसावं की उठून जावं ते कळत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ फोटोतल्या इंजिनाला लगेच ओळखत होते. त्याचा नंबर, त्याची डावीकडची गळती, कोणत्या साली बॉयलर उतरवला ते सगळं घडाघडा सांगत होते, आणि त्याच इंजिनाला टेकून उभा असलेला त्यांचा सख्खा भाऊ त्यांना ओळखता येईना. दोघी बायकांचं एका कानावरून वाजलं. कान एकीच्या सासऱ्याचा होता की दुसरीच्या मामाचा, यावर सकाळ गेली. एकाने आपल्या वडिलांना मिशीवरून ओळखलं, मग कळलं ती मिशी नसून काजळी होती. वना आप्पा प्रत्येकाचं म्हणणं वहीत लिहून घेत होते आणि खोडत होते. त्यातच कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की जे वारले असतील त्यांच्या बायकांनी फोटोला गंध लावावं आणि फूल वाहावं. एका बशीत उगाळलेलं चंदन आणि झेंडूची फुलं ठेवली होती.

माझ्याकडे ह्यांचा एकही फोटो नाही. लग्नात काढायचा राहिला, पुढे काढू म्हणत राहिला, आणि गेल्यावर लोक म्हणाले की जिवंतपणी काढायला हवा होता. आठ वर्षं भिंतीवर देवीचं कॅलेंडर आहे, दर वर्षी नवं. म्हणून मी त्या दिवशी नवी पांढरी साडी नेसून, नवा चश्मा लावून, सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते, हे आता लिहायला लाज वाटत नाही. नऊ नंबरचा फोटो आमच्या बॉयलरच्या टोळीचा होता. खाली साल होतं १९३८. सोबतच्या यादीत पंधरा नावं, सातवं ह्यांचं. (वना आप्पांनी विचारलं, तुमच्या मालकांचं नाव सांगा. इतकी माणसं, आणि मी कधी नाव घेतलेलं नाही. मी म्हणाले, सातवं. ते म्हणाले, बाई, शाळेत आहात का?)

फोटोत मोठं इंजिन, त्याच्या पुढे माणसं उभी, आणि मधोमध एक सडपातळ माणूस इंजिनाच्या अंगावर हातोडा उगारून उभा. सगळ्यांची तोंडं सारखी काळी. मी तोंड पाहिलंच नाही. मी सदरा पाहिला. सगळ्यांचे सदरे धुतलेले होते, पण त्या हातोडेवाल्याचा असा झगझगत होता आणि बाहीची घडी अशी उभी होती की असा सदरा माझ्याशिवाय त्या चाळीत कोणी धुऊ शकत नव्हतं. बोटाला चंदन घेतलं, त्याच्या कपाळाला लावलं, फूल ठेवलं, आणि हात जोडून डोळे मिटले. मागून कोणीतरी खाकरलं. डोळे उघडून वळले तर तोताराम भाऊ उभे. ते ह्यांचे जोडीदार, एकाच टोळीतले. म्हणाले, "वहिनी, तो मी शे."

पुढचं लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. भिकुबाई, म्हणजे त्यांची बायको, तिथेच होती. ती पुढे आली, पदराने फोटोवरचं चंदन पुसायला लागली आणि ते आणखी पसरलं. "हाऊ मना माणूस शे. जित्ता शे. आते घर चहा पिसन उना," असं तिने आधी मला, मग वना आप्पांना आणि मग वखारीतल्या सगळ्यांना सांगितलं. तिला राग दोन गोष्टींचा होता. एक, मी तिच्या जिवंत, आत्ताच घरून चहा पिऊन आलेल्या नवऱ्याला फूल वाहिलं. दुसरी, तो सदरा तिने धुतला होता आणि मी तो माझा म्हटला. दुसरा राग जास्त होता असं मला वाटतं. घरी जाऊन तिने तोताराम भाऊंची मीठमिरच्यांनी दृष्ट काढली, एकदा सकाळी, एकदा तिन्हीसांजेला, आणि मिरच्यांचा ठसका गल्लीभर गेला. आमच्या शेजारच्या ताईबाई येऊन मला म्हणाल्या, बाई, सव्वीस वर्षं संसार केला आणि माणूस ओळखू आला नाही, मग काय अंधारात राहत होतात का? मी त्यांना चहा दिला. गूळ टाकला नाही.

मग वना आप्पांनी चेहरे मोजले. चौदा. नावं पंधरा. चौदा चेहऱ्यांना चौदा नावं बसली, त्यातली सहा माणसं अजून हयात आहेत आणि त्यांनी आपापली जागा बोट ठेवून दाखवली. सातवं नाव उरलं. वना आप्पांनी पट्टी धरून लाल शाईने ते खोडलं आणि शेजारी लिहिलं: गैरहजर.

भाऊजी, तुम्हाला ठाऊक आहे, ह्यांनी नोकरीत एक खाडा केला नाही. तुमच्या लग्नाला आले तेही पाळी संपवून, हळद लागून गेल्यावर. तो शब्द वाचून मी घरी आले आणि तीन दिवस बाहेर पडले नाही. लोकांच्या बोलण्याचं मला फार नव्हतं. मला वेगळीच भीती बसली होती. मी डोळे मिटून त्यांचं तोंड आठवायला बसायची आणि मला तोताराम भाऊंचा हातोडा दिसायचा. पाय आठवायचे, अंगठ्याचं नख आठवायचं, जेवताना मान डावीकडे कलती व्हायची ती आठवायची, तोंड यायचं नाही. वाटायचं, ते "होतो की" म्हणाले ते खोटं असेल. साहेबाने ऐनवेळी बाजूला काढलं असेल आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोलले असतील. मी सदऱ्यावरून एवढी बोलले होते, तेव्हा खरं सांगायला जागा तरी कुठे ठेवली होती?

चौथ्या दिवशी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर तोताराम भाऊ भेटले. भिकुबाई बरोबर नव्हती म्हणून थांबले. म्हणाले, वहिनी, मनाला लावून घेऊ नका, आमचा जोडीदार होता ना फोटोत. मी विचारलं, कुठे? म्हणाले, आत.

आता हे तुम्हाला नीट सांगते, कारण तुम्ही छपाईचे खिळे जुळवणारे, बॉयलरचं काम तुम्ही पाहिलेलं नाही. इंजिनाची जी भट्टी असते तिच्या पत्र्यांत जाड बोल्ट ठोकतात. बाहेरचा माणूस हातोडा मारतो तेव्हा आत एक माणूस बसून लोखंडाचा जड ठोकळा बोल्टच्या डोक्यावर छातीने दाबून धरतो, नाहीतर बोल्ट आत घसरतो. भट्टीत शिरायचं दार ताटापेक्षा थोडं मोठं. ह्यांची अंगकाठी बारीक, म्हणून टोळीत आतला माणूस कायम हेच. त्या दिवशी साहेबांना नुसतं उभं राहिलेलं चालणार नव्हतं, चालू काम दिसायला हवं होतं. म्हणून तोताराम भाऊंनी हातोडा उगारला, आणि ज्या बोल्टवर तो उगारला होता त्याच्या पलीकडे, पत्र्याच्या आत, माझा इस्त्रीचा सदरा घालून तुमचे दादा ठोकळा धरून बसले होते. फोटोवाल्याने काळं फडकं डोक्यावर घेऊन बराच वेळ लावला. मग फोटो झाला, साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले, मंडळी चहाला गेली. आतल्या माणसाला सांगायचं राहिलं. आतून ठोकल्याचा आवाज आला तेव्हा कोणाला तरी आठवण झाली. तोताराम भाऊ हे हसत सांगत होते. म्हणाले, त्याचा पेढा मीच खाल्ला, वहिनी, आता तुमच्यापासून काय लपवायचं.

मी पण हसले. मग घरी येऊन बसले. एकतीस वर्षांनी कळलं की सदरा काळा का झाला, आणि ज्याला सांगायचं की माझं चुकलं तो माणूस नाही.

तुमच्या दादांना पुढे कमी ऐकू यायला लागलं ते तुम्ही पाहिलंच आहे. आत बसणाऱ्यांचे कान जातात, सगळे घाव पत्र्यासकट डोक्यात बसतात. आमच्या घरात मी मोठ्याने बोलायची आणि चाळीला आमच्या घरी कोणती भाजी आहे ते रोज कळायचं. तोताराम भाऊ बाहेरचे, त्यांचे कान आज पासष्टीला आले तरी असे आहेत की पलीकडच्या ओट्यावर कोणी शेंग सोलली तर ऐकू येते. पण मी जेव्हा म्हणाले, भाऊ, हे वना आप्पांना सांगा, त्यांनी गैरहजर लिहिलंय, तेव्हा ते एकदम बहिरे झाले. दोनदा काय, काय केलं आणि पायऱ्या उतरून गेले.

कारण मला मागाहून कळलं. तो फोटो पुस्तकाच्या पहिल्या पानावर येणार आहे, आणि खाली छापायचं ठरलं आहे की तोताराम यांनी एकट्याने बोल्ट बसवला. जावयाला, व्याह्यांना, वरणगावच्या भाच्यांना सगळ्यांना सांगून झालं आहे. आत आणखी एक माणूस होता म्हटलं की एकट्याने हा शब्द जातो. माणूस तसा वाईट नाही. ह्यांच्या आजारपणात रोज संत्री घेऊन यायचे. पण संत्री देणं सोपं आणि हा शब्द देणं अवघड, असं मला दिसलं.

मग मी स्वतः वना आप्पांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चश्मा काढला, पुसला. म्हणाले, बाई, नियम एक आहे. फोटोत दिसेल त्याचं नाव. न दिसणाऱ्यांची नावं छापायला लागलो तर सगळा तालुका येईल. मी म्हणाले, आप्पा, तुम्ही त्या पुस्तकातल्या एकाही फोटोत नाही, आणि तुमचं नाव वरच मोठ्या टाइपात येणार आहे म्हणतात. ते म्हणाले, मी संपादक आहे. मी म्हणाले, म्हणजे तुम्हीही आतच. त्यांना ते आवडलं नाही. मग मी म्हणाले, निदान हजेरीचं जुनं बुक काढा, त्यात तुमच्याच हातची खूण असेल त्या दिवसाची. ते म्हणाले, ती बुकं रद्दीत गेली. आणि हो, तोताराम भाऊंनी लेखी दिलं तर बघू. तोताराम भाऊ लेखी देणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून इतक्या गोड आवाजात म्हणाले.

असं आहे सगळं. मला फार काही नको होतं. भिंतीवर लावायला चेहरा मिळाला असता तर बरं झालं असतं, तो मिळणार नाही हे कळलं. पण जो माणूस त्या पत्र्याला छाती लावून बसला होता त्याला गैरहजर म्हणून छापावं, आणि ते पुस्तक मी चश्मा लावून वाचावं, हे मला सहन होणार नाही. वाचायला शिकले हीच चूक झाली असं या आठवड्यात दोनदा वाटलं.

असो. तानुबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमच्या प्रकृतीला जपा. उत्तर पाठवण्याचा त्रास घेऊ नये असं म्हणणार होते, पण तुम्ही तो तसाही घेत नाही.

तुमची वहिनी,
यशोदा

ता. क. – मला कळलं आहे की ते पुस्तक छापायला धुळ्याला तुमच्याच छापखान्यात आलं आहे. वना आप्पांना आपण दीर-वहिनी आहोत हे माहीत नाही. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

ता. क. दुसरा – पहिल्या पानावर फोटोच्या खाली चौदा नावं येतील. त्यांच्या शेवटी, बारीक टाइपात, एवढीच ओळ हवी: "इंजिनाच्या आत बोल्ट धरून बसलेले, म्हणून न दिसणारे: कौतिक पुना बाविस्कर." नाव मी पहिल्यांदाच लिहिलं आहे. दोनदा तपासलं, बरोबर आहे. तोताराम भाऊंच्या नावाला आणि एकट्याने या शब्दाला हात लावू नका, राहू दे. वाचणाऱ्याला दोन्ही ओळी एकाखाली एक दिसतील, तेवढं पुरे. तपासणीचा कागद वना आप्पांकडे जाऊन आला की मग ओळ घाला.

ता. क. तिसरा – वरची गुडघ्याची चौकशी खरी होती. खोकल्याची नुसती रीत म्हणून केली, तुम्हाला खोकला आहे की नाही मला ठाऊक नाही. रागावू नका.

बुधवार, ता. १२ – पत्र काल पेटीत टाकायला निघाले होते, अर्ध्या वाटेवरून परत आले. चोरून ओळ घातली आणि उघडकीला आलं तर इतक्या वर्षांची तुमची नोकरी, असा विचार आला. म्हणून आज पहाटेच तोताराम भाऊंच्या दारी जाऊन बसले. भिकुबाईने दार उघडलं, मला बघून परत लावलं, मग पुन्हा उघडलं. मी तिला सांगितलं की सदरा तिने माझ्यापेक्षा चांगला धुतला होता, आणि ते खरंच होतं. ती आत गेली. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. भाऊ बाहेर आले, भट्टीच्या आत हे होते असं मी लिहून नेलेल्या कागदावर उभ्या उभ्या सही केली आणि म्हणाले, मना शब्द तेवढा र्‍हाऊ द्या. मी हो म्हणाले. तिथून स्टँडवर गेले, साडेसातची एस.टी. धरली, आणि आता तुमच्या छापखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. कागद सोबत जोडला आहे, तो आप्पांना दाखवा आणि ओळ उघडपणे घाला. पत्र तुमच्या शिपायाच्या हाती आत पाठवते.